एक्टाक्रोम ई१००: तेजोमेघांच्या लाल रंगासाठी आजची सर्वोत्तम फिल्म

दूरच्या आकाशाचे छायाचित्रण अजूनही फिल्मवर करणाऱ्या हौशी निरीक्षकाला रंगीत फिल्मचे पर्याय आता फारच थोडे उरले आहेत. त्यांतून हिवाळ्यातील तेजोमेघांसाठी (अवकाशातील वायू-धुळीच्या चमकत्या ढगांसाठी) मी निःशंकपणे सुचवीन अशी फिल्म कोडॅकची एक्टाक्रोम ई१०० ही स्लाइड फिल्म (नेगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचे चित्र देणारी) आहे. २०१२ मध्ये एक्टाक्रोमचे उत्पादन थांबले तेव्हा अनेकांनी फिल्म कॅमेरे कपाटात ठेवून दिले होते. २०१८ मध्ये ती रॉचेस्टरच्या कारखान्यातून पुन्हा बाजारात आली, हे या छंदाचे मोठेच भाग्य. हे परीक्षण तिच्या ३५ मिमी रोलचे आहे आणि दिवसाच्या छायाचित्रणाचा विचार त्यात केलेला नाही.

या फिल्मचे खरे बळ तिच्या लाल थरात आहे. तेजोमेघांतील उत्तेजित हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद लाल प्रकाश देतो. नेहमीच्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढे बसवलेला फिल्टर नेमका हाच प्रकाश बव्हंशी अडवतो, त्यामुळे तो फिल्टर काढून घेतल्याशिवाय मृग नक्षत्राभोवतीचे बार्नर्डचे वलय किंवा शृंगाश्व तारकासमूहातील रोझेट तेजोमेघ नीट उमटत नाही. फिल्मपुढे असा अडसर नसतो, परंतु म्हणून प्रत्येक फिल्म हा लाल रंग टिपतेच असे नाही. फुजीची अ‍ॅक्रॉस २ ही कृष्णधवल फिल्म दीर्घ एक्स्पोजरला अतिशय चांगली असली, तरी तिची संवेदनक्षमता या तरंगलांबीच्या अलीकडेच संपते, आणि म्हणून तिच्यावर कृत्तिका सुंदर येतात पण रोझेट जवळजवळ येतच नाही. फुजीचीच प्रोव्हिया १००एफ हा लाल रंग काही प्रमाणात घेते, पण तो फिका पडतो. एक्टाक्रोमवर मात्र मृगातील मोठ्या तेजोमेघाची कड, अश्वमुख तेजोमेघामागची लाल पट्टी आणि कृत्तिकांभोवतीची निळी धूळ असे दोन्ही टोकांचे रंग एकाच रोलवर खरे वाटावेत असे उतरतात. दाणाही इतका बारीक आहे की लहान तारे ठिपक्यांसारखे स्वच्छ राहतात.

दुसरा प्रश्न रेसिप्रॉसिटीचा. मंद प्रकाशात फिल्मचा वेग, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, घटत जातो आणि एक्स्पोजर दुप्पट केले तरी परिणाम दुप्पट होत नाही. या घटीला गणिती रूप देण्याचे काम जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केले. कारण असे, की फिल्ममधील सिल्व्हर हॅलाइड या प्रकाशसंवेदी क्षाराच्या कणावर प्रकाशाने सुटा झालेला चांदीचा पहिला अणू स्थिर नसतो, आणि दुसरा त्याच्या सोबतीला येण्यापूर्वीच तो बहुधा विरून जातो. थंडीत हे विरणे मंदावते, म्हणूनच पूर्वी काही निरीक्षक कॅमेऱ्यात सुका बर्फ घालून फिल्म गोठवत असत. आपल्याकडील थंडी मात्र तेवढी नसते, आणि केवळ रात्र गार आहे म्हणून एक्टाक्रोम अधिक वेगवान होईल ही अपेक्षा ठेवू नये. दहा सेकंदांपर्यंत कोडॅक कोणतीही दुरुस्ती सुचवत नाही. त्यापुढचा अंदाज प्रत्यक्ष चाचणीनेच बसवावा लागतो. खऱ्या अंधाऱ्या आकाशाखाली एफ/४ अ‍ॅपर्चरला पाऊण तास आणि प्रोसेसिंगमध्ये एक स्टॉप पुश (म्हणजे फिल्म जास्त वेळ डेव्हलप करून एका टप्प्याने उजळ करणे), हा मला सर्वांत भरवशाचा मेळ वाटतो. पुशमुळे कॉन्ट्रास्ट वाढतो आणि मंद तेजोमेघाला तो उपकारकच ठरतो.

अंधाऱ्या आकाशाचा आग्रह येथे गौण नाही. पुण्या-मुंबईजवळच्या आकाशात ही फिल्म काही मिनिटांतच धुरकट होते आणि पैसे वाया जातात. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तसे आकाश या फिल्मला हवे. तेथे ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण एकवीस अंशांवरच असतो, त्यामुळे माउंट (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारी बैठक) ध्रुवाशी जुळवताना उत्तर क्षितिज मोकळे आहे ना, हे दिवसाउजेडीच पाहून ठेवावे. पाऊण तासात माउंटची थोडीशी चूकही ताऱ्यांना लांबट करते, म्हणून ऑटोगायडर (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक आपोआप सुधारणारे साधन) असावाच.

थंडीचे खरे परिणाम वेगळे आहेत. डिजिटल सेन्सरसारखा उष्णतेचा गोंगाट फिल्ममध्ये नसतो, त्यामुळे गारव्याचा तो लाभ येथे मिळत नाही, त्रास मात्र सगळे मिळतात. लेन्सवर दव धरते आणि ते एक्स्पोजर संपेपर्यंत कळतही नाही, म्हणून लेन्सभोवती गरम पट्टा सुरुवातीपासूनच बांधावा. कोरड्या थंडीत रोल झटक्याने पुढे सरकवला तर स्थिर विजेच्या ठिणग्या फिल्मवर फांद्यांसारखे डाग सोडतात. खटका सावकाश फिरवावा आणि नवी चौकट सपाट बसायला काही मिनिटे द्यावीत. बॅटरीवर अवलंबून असलेले शटर दीर्घ एक्स्पोजरमध्ये बॅटरी संपवते, म्हणून निकॉन एफएम२, पेंटॅक्स के१००० किंवा ऑलिंपस ओएम-१ यांसारखा यांत्रिक शटरचा कॅमेरा आणि कुलूप बसणारी केबल रिलीज (शटर उघडे धरून ठेवणारी तार) हीच या फिल्मची योग्य जोडी आहे.

उणिवा दोन, आणि दोन्ही गंभीर. पहिली किंमत: आयात केलेल्या एका रोलला आता हजारांत पैसे मोजावे लागतात, आणि रात्रभरात सहा-सात चौकटींच्या पुढे मजल जात नाही. दुसरी उणीव प्रोसेसिंगची आहे. स्लाइड फिल्मच्या ई-६ या रासायनिक प्रक्रियेत पहिला डेव्हलपर ३८ अंश सेल्सिअसला, अंशाच्या तीन दशांशांइतकाही न ढळता ठेवावा लागतो. एक स्टॉप पुश करायचा तर त्यातील सहा मिनिटांची आठ मिनिटे करावी लागतात. हे काम नीट करणाऱ्या लॅब आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. रोल देताना पुशची सूचना लेखी द्यावी आणि फिल्म कापू नये असेही स्पष्ट लिहावे, कारण काळ्या आकाशात चौकटींची सीमा दिसत नाही आणि कात्री थेट मृगातून जाऊ शकते. रोलची पहिली चौकट दिवसाच्या उजेडात घेतलेली असली, तर कापणाऱ्याला मोजमाप मिळते. विमानाने जाणाऱ्यांनी रोल सामानात न टाकता हाती ठेवावा आणि क्ष-किरण यंत्रातून न नेता हाताने तपासायला द्यावा.

स्कॅनमध्ये पार्श्वभूमीचा कल मला बहुधा किंचित निळसर मिळतो, पण तो सहज सुधारता येतो. एकाच लक्ष्याच्या दोन चौकटी स्कॅन करून एकत्र केल्यास दाणा आणखी मऊ होतो आणि रोझेटच्या पाकळ्यांमधील गडद धूळही सुटी दिसू लागते. म्हणून एका रात्री लक्ष्ये कमी ठेवावीत आणि प्रत्येकाला दोन चौकटी द्याव्यात.