पार्टीत जागा चारच: नऊ महिने रात्री खेळल्यानंतर

बाल्डर्स गेट ३ या संगणकावरच्या खेळात आपण सोबत्यांची एक टोळी, म्हणजे पार्टी, घेऊन फिरतो आणि लढतो. त्याचे पहिले चाळीस तास मी त्यातल्या शॅडोहार्टला चुकीचं खेळवलं. ती पुजारीण आहे, अंगात चिलखत आहे, हातात गदा आहे, म्हणून मी तिला सगळ्यांच्या पुढे पाठवायची. तिचे फटके हुकायचे, ती आडवी व्हायची, आणि मी पात्रालाच दोष द्यायची. एका रात्री धाकटा भाऊ शेजारी येऊन बसला. दोन लढाया बघितल्या आणि म्हणाला, "ताई, तिला मागं उभी कर, ब्लेस टाक आणि तिला हलवूच नको. बघ काय होतंय."

ब्लेस हा अगदी पहिल्या पातळीचा मंत्र. तो तिघांवर टाकता येतो, आणि त्या तिघांच्या प्रत्येक हल्ल्याच्या फाशात चार बाजूंच्या एका छोट्या फाशाची भर पडते. सरासरी अडीच. वार लागतो की हुकतो हे ठरवणाऱ्या मोठ्या फाशाला बाजू वीस, म्हणजे एका आकड्याची किंमत पाच टक्के. अडीचचे झाले साडेबारा टक्के. एका फटक्यापुरतं हे किरकोळ वाटतं. पण तिघंही दर फेरीला हल्ला करणार, शिवाय विष, भीती, जादू यांपासून वाचण्यासाठी जे फासे टाकावे लागतात त्यांतही ही भर पडते. लढाई पाच-सहा फेऱ्या चालली तर ब्लेसने किती हुकलेले वार लावले याची मोजदाद ठेवणं अवघड होतं. फक्त हा मंत्र तिच्या एकाग्रतेवर टिकतो. तिला मार बसला की फासा पडतो, आणि तो फासा फसला की तिघांचंही बळ एका क्षणात जातं. म्हणजे ज्या बाईने लढाईत एकही वार केला नाही, तिलाच सगळ्यांनी मिळून सांभाळायचं.

मी मिरजेला एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची तंत्रज्ञ आहे. भूलतज्ज्ञ पेशंटच्या डोक्याशी कसे उभे असतात ते रोज बघते. घरच्यांना बाहेर सांगितलं जातं ते सर्जनचं नाव. पण डोक्याशी उभ्या असलेल्या माणसाचं लक्ष ढळलं तर आत कुणाचेच हात चालणार नाहीत. त्या रात्री शॅडोहार्टला मागे उभी केली आणि मला पार्टी हा शब्द पहिल्यांदा नीट कळला. तोपर्यंत मी एक नायिका आणि तीन मदतनीस असाच खेळ खेळत होते.

जानेवारीपासून आता ऑक्टोबर लागला. सांगलीत विश्रामबागेतल्या घरी, ड्युटी संपवून, जेवण उरकून, रात्री दहा ते बारा. बाल्डर्स गेट ३ अडीचशे तासांच्या पुढे गेला आहे. मध्ये त्याच्याशी ताडून बघायला म्हणून बाल्डर्स गेट २, ड्रॅगन एज: ओरिजिन्स, पाथफाइंडर: रॅथ ऑफ द राइचस आणि पिलर्स ऑफ इटर्निटी २ हेही खेळले. माझा संगणक २०२० चा आहे, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा आणि एसएसडी लागते, त्यामुळे एक नवी एसएसडी घ्यावी लागली. त्याच्या कथेचे पहिले दोन भाग या यंत्रावर नीट चालतात. तिसऱ्या भागात शहर येतं, रस्त्यांवर माणसांची गर्दी असते, तिथे जुन्या प्रोसेसरला धाप लागते. सावल्या आणि गर्दी कमी केली की खेळता येतं. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की आमच्याकडे वीज जाते, म्हणून यूपीएस असू द्या. यंत्राबद्दल एवढंच.

आता मुख्य गोष्ट, पार्टीतल्या जागा.

बाल्डर्स गेट ३ मध्ये सोबती एकूण दहा आहेत. पार्टीत जागा चार, त्यातली एक तुमची. म्हणजे सगळे जमले की निदान सात जण छावणीत शेकोटीभोवती बसलेले. खेळाच्या हिशेबाने यात तोटा काहीच नाही. छावणीत बसलेल्यांनाही तुमच्याइतकाच अनुभव मिळतो, सगळ्यांची पातळी बरोबरीने वाढते. कुणाचा वर्ग, म्हणजे योद्धा, जादूगार असा पेशा, आवडला नाही तर विदर्स नावाचा हाडकुळा म्हातारा शंभर मोहरांत तो बदलून देतो. तरी मला ही चार जागांची मर्यादा टोचते, कारण हे दहा जण नुसते लढणारे नाहीत. प्रत्येकाची एक जागा, एक घर, एक जुनी जखम या नकाशात कुठेतरी ठेवलेली आहे. पहिल्यांदा खेळताना मी लेझेल या सोबतिणीच्या लोकांच्या तळावर गेले आणि तिला छावणीतच ठेवून गेले, कारण दरवाजे उघडायला मला अ‍ॅस्टारियन हवा होता. लढाई जिंकले, बाहेर आले. दुसऱ्यांदा खेळताना तिला बरोबर नेलं तेव्हा कळलं, आधीच्या वेळी मी जवळजवळ रिकाम्या इमारतीतून फिरून आले होते. तिचे तिथल्या प्रत्येकाशी होणारे वाद, तिचा डळमळणारा विश्वास, यातलं काहीच मी पाहिलं नव्हतं. कुणाला बरोबर घ्यायचं हा निर्णय इतका मोठा असेल तर त्यासाठी आणखी एखादी जागा हवी, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या खेळांत जागा होत्या. १९९८ चा पहिला बाल्डर्स गेट आणि २००० चा दुसरा, दोन्हींत सहा जण. रॅथमध्येही सहाच. मग नवीन खेळाने दोन का कापल्या? मला याचं उत्तर रॅथ खेळताना मिळालं. तिथे एक कळ दाबली की लढाई पाळीपाळीने चालते, पुन्हा दाबली की सगळे एकदम धावतात. सहा माणसं, त्यांतल्या दोघांबरोबर पाळीव जनावर, समोर दहा-बारा राक्षस. पाळीपाळीने खेळले तर साध्या चकमकीला माझी वीस-पंचवीस मिनिटं जायची. रात्रीचे दोन तास हातात असताना चार चकमकी झाल्या की झोपायची वेळ. एकदम धावू दिलं तर तीच लढाई अर्ध्या मिनिटात संपायची आणि कुणी काय केलं हे मला कळायचंच नाही. शिवाय मोठ्या लढाईआधी प्रत्येकावर एकेक करत वीसेक मंत्र चढवायचे. तयारीलाच थकायला व्हायचं.

बाल्डर्स गेट २ ने हा पेच वेगळ्या पद्धतीने सोडवला आहे. घड्याळ चालू राहतं, सहा सेकंदांची एक फेरी, आणि हवं तेव्हा स्पेसबार दाबून सगळं थांबवायचं. हुकूम द्यायचे, पुन्हा सोडायचं. कोणत्या प्रसंगी खेळाने आपणहून थांबावं हे ठरवता येतं. कुणी जखमी झालं की थांब, शत्रू दिसला की थांब. हे नीट लावून घेतल्यावर सहा माणसं माझ्या हातात राहू लागली. पण यात प्रत्येक फटक्याची गोडी जाते, हे मान्य करायला हवं. बाल्डर्स गेट ३ मध्ये कार्लॅक या सोबतिणीची कुऱ्हाड लागते की हुकते हे बघताना मी श्वास रोखते. बाल्डर्स गेट २ मध्ये तो फटका खालच्या नोंदींच्या ओळींत वाचावा लागतो. माणसं जास्त हवीत तर प्रत्येकाच्या पाळीची उत्कंठा सोडावी लागते, आणि ती उत्कंठा हवी तर माणसं कमी करावी लागतात. नऊ महिन्यांत मला कळलेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

पिलर्स २ मध्ये पाच जण आहेत. २०१८ ला आला तेव्हा तो थांबवत थांबवत खेळायचा होता, पुढच्या वर्षी त्यात पाळीपाळीची पद्धतही आली. मी त्याच पद्धतीने चाळीस तास खेळले आणि माझ्या हाताला पाच हा आकडा बसला. दोन पुढे ढालीवाले, एक मागे पुजारी, एक जादूगार, आणि पाचवी जागा मोकळी. ती पाचवी जागा म्हणजेच सगळं. तिथे मी उपयोगाचा माणूस ठेवत नाही, त्या प्रसंगाचा माणूस ठेवते. हीच जागा बाल्डर्स गेट ३ मध्ये मिळाली असती तर लेझेल आणि अ‍ॅस्टारियन दोघंही त्या तळावर आले असते.

ड्रॅगन एज: ओरिजिन्सचं नाव मात्र या जागांच्या हिशेबाबाहेर घ्यायला हवं. २००९ चा खेळ, पार्टी चौघांचीच. पण त्यात प्रत्येक सोबत्याला कायमचे हुकूम लिहून ठेवता येतात. स्वतःचं रक्त चतुर्थांशाखाली गेलं तर औषध पी. मित्राला कुणी घेरलं तर त्या शत्रूला धक्का मार. जादूगाराकडे कुणी धावलं तर त्याला गोठव. अट एका बाजूला, कृती दुसऱ्या बाजूला, आणि क्रम वरून खाली. मी रविवारची अख्खी दुपार वीनचा, म्हणजे आमच्या वैद्यबाईंचा, क्रम लावण्यात घालवली. थिएटरमध्ये आम्ही जशी तपासणी-यादी भिंतीला लावतो, तसंच. मग लढाईत मी तिच्याकडे बघितलंही नाही आणि तिने चौघांना जिवंत ठेवलं. त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला, तो कुठलाही ड्रॅगन मारून झालेला नाही. ही सोय पुढच्या खेळांनी इतकी पातळ का केली, याची मला खरोखर खंत वाटते.

ओरिजिन्समधले सोबती एकमेकांशी बोलतातही जास्त. अलिस्टर आणि मॉरिगन चालता चालता एकमेकांना टोचत राहतात, आणि मी नुसती ऐकत असते. बाल्डर्स गेट ३ मध्ये अभिनय, चेहरे, आवाज सगळं उजवं आहे, पण तिथला जवळपास प्रत्येक जण माझ्यावर फार लवकर जीव लावतो. मला आवडतं ते शॅडोहार्ट आणि लेझेल यांचं सुरुवातीचं वैर, कारण त्यात मी मध्ये पडते, केंद्रात नसते. तसे प्रसंग आणखी हवे होते. ओरिजिन्सची एक गोष्ट मात्र पटत नाही: नाराज सोबत्याला भेटवस्तू दिल्या की त्याचा राग उतरतो. माणूस तत्त्वासाठी रागावला असेल तर अंगठी देऊन तो शांत होऊ नये. बाल्डर्स गेट ३ मध्ये निर्वासितांच्या वस्तीवर उलटलात तर विल आणि कार्लॅक सोडून जातात, आणि त्यांची समजूत कशानेही निघत नाही. बाल्डर्स गेट २ तर याहून कठोर. केल्डोर्न हा धर्मनिष्ठ योद्धा आणि व्हिकोनिया ही ड्राउ, म्हणजे पाताळातल्या एल्फ जातीची, पुजारीण, दोघांना मी एकत्र घेऊन फिरत होते. ठिणग्या पडत होत्या, मी दुर्लक्ष केलं, आणि एके दिवशी दोघांनी शस्त्रं उपसली. केल्डोर्न गेला. मी जुना सेव्ह उघडून खेळ मागे नेला नाही. पार्टीचा प्रमुख म्हणून ती चूक माझी होती, आणि ती माझ्याकडेच राहू दिली.

हे सगळे खेळ ज्या मुळातून आले ते मूळ १९७४ चं, टेबलाभोवती बसून खेळायचं डंजन्स अँड ड्रॅगन्स. तिथे एकेक मित्र एकेक पात्र घ्यायचा आणि एक जण गोष्ट सांगायचा. संगणकावर ती सगळी पात्रं एकाच माणसाच्या हाती आली. सांगलीच्या माणसाला हे लगेच उमजावं. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे सीतास्वयंवर केलं, तेव्हा सूत्रधार पदं गाऊन कथा पुढे न्यायचा आणि नट आपली भाषणं आयत्या वेळी रचायचे. दिशा सूत्रधाराची, शब्द ज्याचे त्याचे. टेबलावरच्या खेळाची रचना याच्या फार जवळची आहे, आणि एकटीने खेळताना मला उणीव भासायची ती त्या दुसऱ्याच्या आयत्या वेळच्या शब्दांची.

म्हणून मार्चमध्ये दोन कंट्रोलर घेतले आणि भावाबरोबर पडदा अर्धा-अर्धा करून नवा खेळ सुरू केला. त्याने योद्धा घेतला, मी रानटी. जागांचा प्रश्न इथे आणखी बिकट झाला, कारण आम्हीच दोन जागा अडवल्या; दहांपैकी दोघांनाच नेता येतं. पण लढाईचं रूप पालटलं. तो शत्रूला आडवा पाडतो आणि मी जवळून वार करते. आडव्या शत्रूवर दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. वार लागण्याची शक्यता एरवी पासष्ट टक्के असेल तर ती अठ्ठ्याऐंशीच्या आसपास जाते. एकटीने हे मी शेकडो वेळा केलं होतं. शेजारून "पाडलाय बघ, मार आता" असं कुणी ओरडलं की तोच हिशेब वेगळा लागतो. आई भडंगाची वाटी मध्ये ठेवून जायची, आणि बोलायचं कुणी, धमकी द्यायची की समजूत काढायची, यावर आमचे वाद व्हायचे. गॉब्लिनांच्या तळात शिरताना त्याने मला न विचारता खोटं बोलून टाकलं आणि वीसचा फासा पडला. मी आतापर्यंत पाहिलेला सगळ्यात सुंदर फासा तो.

जूनमध्ये तो पुण्याला शिकायला गेला. विदर्सजवळ एक कपाट असतं, सोबत खेळणारा हजर नसेल तर त्याचं पात्र त्यात ठेवता येतं. मी एकदा ठेवून पाहिलं, रिकाम्या जागी गेल या जादूगाराला घेतलं, दहा मिनिटं खेळले आणि सेव्ह न करता बाहेर पडले. गणपतीत तो पाच दिवस आला तेव्हा आम्ही दुसरा भाग संपवला. तिसऱ्या भागाच्या तोंडावर, शहराच्या अलीकडे, आमची छावणी थांबली आहे.

दिवाळीला पुढे जायचं ठरलंय. दोन जागांपैकी एक कार्लॅकची, यावर फोनवरच एकमत झालं. दुसरीसाठी तो लेझेल म्हणतो, कारण त्याला मारणारं माणूस हवंय. मी शॅडोहार्टवर अडून बसले आहे.