मिनआयन घ्यावं का? नॅनोपोअरवर माझं मत

मिनआयन म्हणजे खिशात मावणारं मशीन, लॅपटॉपला यूएसबीने जोडायचं आणि डीएनए वाचायचा, ऐकायला थाप वाटते पण खरंच वाचतं. 2015 मध्ये गिनीत इबोलाच्या साथीत हे सामानात घालून नेलं होतं आणि 2016 मध्ये अंतराळवीर केट रुबिन्सनी स्पेस स्टेशनवर यावर डीएनए वाचून दाखवला.

आत पातळ पडद्यात प्रोटीनचं भोक असतं, तेच नॅनोपोअर, अगदी अरुंद जागी नॅनोमीटर-दीड नॅनोमीटर, व्होल्टेज दिलं की त्यातून आयन वाहतात, डीएनएचा धागा शिरला की करंट पडतो आणि किती पडला त्यावरून डीएनएची अक्षरं (A, C, G, T) ओळखायची. शास्त्रज्ञ डेव्हिड डीमरनी ही कल्पना 1989 मध्येच वहीत लिहून ठेवलेली, लोकांच्या हातात मशीन यायला 2014 उजाडलं. कारण धागा मोकळा सोडला तर एकेक अक्षर मायक्रोसेकंदात निसटतं, म्हणून भोकाच्या तोंडाशी मोटर प्रोटीन बसवलंय, ते ब्रेक लावत लावत सेकंदाला साधारण 400 अक्षरं आत सोडतं. मला तर सगळ्यात भारी भाग हाच वाटतो.

आता अडचण. करंट एका अक्षराचा नसतोच, भोकात एका वेळी पाचेक अक्षरं असतात, म्हणजे पाच जागांवर 4 प्रकारच्या अक्षरांच्या 1024 जुळण्या आणि त्यातल्या कित्येकींचे सिग्नल एकमेकांना चिकटून, मग न्यूरल नेटवर्कला कामाला लावावं लागतं आणि त्याला चांगला जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) हवाच. एकच अक्षर ओळीने आठ-नऊ वेळा आलं की स्क्रीनवर नाचणारी रेघ एकदम सपाट होते, आठ होती का नऊ काही कळत नाही. नवीन पोअरमध्ये वाचायच्या दोन जागा आहेत, त्याने खूप सुधारलंय, पण हा त्रास पूर्ण गेलेला नाही.

तरी घ्या म्हणेन, ते लांबीसाठी. शॉर्ट-रीड (छोटे तुकडे वाचणारं) मशीन तुकड्यामागे दोन-तीनशे अक्षरं देतं, इथे हजारो सहज, नीट काम केलं तर लाखो. तेच तेच परत येणारे भाग छोट्या तुकड्यांनी जुळवताच येत नाहीत, 2022 मध्ये मानवी जीनोम पहिल्यांदा जवळपास संपूर्ण वाचला गेला त्यात या लांब रीड्सचा मोठा वाटा होता. शिवाय मिथिलेशन (डीएनएवरच्या रासायनिक खुणा) वेगळी केमिकल ट्रीटमेंट न करता त्याच सिग्नलमधून कळतं, हे तर बोनस.

लांबी हवी तर पिपेटिंग हळू आणि रुंद तोंडाच्या टिपने, जोरात खेचलं की धागे तुटलेच. फ्लो सेल (ज्यात हे पोअर असतात आणि सॅम्पल भरतात तो भाग) भरताना हवेचा बुडबुडा आत जाऊ देऊ नका, तो जिथे टेकेल तिथले पोअर मरतात आणि परत येत नाहीत. फक्त एका अक्षराचा बदल शोधायचा असेल आणि सॅम्पलही थोडंच असेल तर शॉर्ट-रीडच बरं. आणि हो, डिस्क भरली म्हणून कच्च्या सिग्नलच्या फाइल उडवू नका, नवीन बेसकॉलर (सिग्नलवरून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) आला की तोच डेटा परत चालवून आधीपेक्षा चांगला वाचता येतो.