ग्वावाचा मिडियाटाइप क्लास: वापरानंतर सांगण्यासारखं, मुख्यतः ‘इज’बद्दल

ग्वावा ही गूगलची जावा लायब्ररी, आणि तिच्यातला मिडियाटाइप हा क्लास काही महिने रोजच्या कामात आहे. येणाऱ्या फायलींचं कंटेंट-टाइप हेडर वाचायचं, अ‍ॅक्सेप्ट हेडरवरून कुठल्या फॉरमॅटमध्ये उत्तर द्यायचं ते ठरवायचं आणि पाठवताना हेडर नीट लिहायचं, एवढं काम. पार्स, क्रिएट वगैरेची ओळख करून देत बसत नाही. लिहायला निमित्त झाली ती ‘इज’ ही एक मेथड (डावीकडचा टाइप कंसातल्या टाइपात बसतो का, ते सांगणारी), कारण तिच्यामुळे चालू असलेली गोष्ट आवाज न करता बंद पडते.

कोड सहसा असा असतो: आलेलं हेडर पार्स करायचं, त्यावर ‘इज’ चालवायचं आणि कंसात जेसन_यूटीएफ_८ हा तयार कॉन्स्टंट द्यायचा. हेडर ‘अ‍ॅप्लिकेशन/जेसन; कॅरसेट=यूटीएफ-८’ असेल तोवर सगळं सुरळीत. मग पाठवणारा सर्व्हर अपग्रेड होतो, नुसतं ‘अ‍ॅप्लिकेशन/जेसन’ यायला लागतं आणि ‘इज’ फॉल्स देतं. ना एक्सेप्शन, ना लॉगमध्ये ओळ. फाइल थेट एल्समध्ये. आणि चूक पाठवणाऱ्याची नसतेच. आरएफसी ८२५९ या इंटरनेट मानकाप्रमाणे जेसनला कॅरसेट (अक्षरांचं एन्कोडिंग सांगणारा, अर्धविरामानंतरचा भाग) हा पॅरामीटरच नाही. म्हणजे ज्याने नियम पाळला त्याचीच फाइल नाकारली जाते.

‘इज’चा नियम असा: कंसातल्या टाइपवर जेवढे पॅरामीटर आहेत तेवढे सगळे डावीकडच्या ऑब्जेक्टवर असलेच पाहिजेत. डावीकडे जास्तीचे असले तर हरकत नाही, कमी चालत नाहीत. डॉक्युमेंटेशनमध्ये हे उदाहरणांसकट दिलेलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही आहे की मजकुराच्या टाइपांचे कॉन्स्टंट कॅरसेट चिकटवूनच दिलेत, त्यामुळे सहज हाताला लागतो तोच तुलनेसाठी चुकीचा असतो. हेडर लिहायला ते उत्तम. तपासायला मात्र कॉन्स्टंटवर विदाउटपॅरामीटर्स लावून त्याचा वेगळा स्टॅटिक फायनल करून ठेवा आणि कंसात तोच द्या. प्रोजेक्टभर एकदा शोध घ्या: ‘इज’च्या कंसात _यूटीएफ_८ ने संपणारं जे जे सापडेल ते बदलायला हवं.

कॅरसेटचीच अजून एक गोष्ट. मधली रेघ गाळून ‘कॅरसेट=यूटीएफ८’ लिहिणारे सर्व्हर आहेत. जावाला हे टोपणनाव माहीत आहे, म्हणून कॅरसेट() मेथड बरोबर यूटीएफ-८ देते. इक्वल्स आणि ‘इज’ मात्र स्ट्रिंग बघतात. त्यांच्या लेखी हे दोन वेगळे टाइप. तुलना करायचीच तर कॅरसेट() मधून आलेल्या ऑब्जेक्टची करा, आणि ट्राय-कॅच तिथेही ठेवा, कारण अनोळखी कॅरसेट असला तरी पार्स बिनबोभाट पार पडतं आणि एक्सेप्शन नंतर ही मेथड फेकते.

सुरुवातीला मत असं होतं की ‘इज’ने पॅरामीटरांकडे बघायचं काही कारणच नाही. स्प्रिंग या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कच्या माइमटाइपमधलं इन्क्लूड्स ते बघत नाही आणि तेच शहाणपणाचं वाटायचं. आवृत्ती पॅरामीटरमध्ये मागणारे क्लायंट आले आणि हे मत बदललं. ‘व्हर्जन=२’ मागणाऱ्याच्या हातात पहिली आवृत्ती ठेवायची नसेल, तर ग्वावाचंच वागणं बरोबर. कॉन्स्टंटांबद्दलचा राग कायम आहे, मेथडबद्दलचा नाही.

अ‍ॅक्सेप्टसाठी मात्र मेहनत आपलीच. पार्स एकच टाइप घेतं. स्वल्पविरामांची यादी दिली तर इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन. यादी सरळ स्वल्पविरामावर तोडायची नाही, कारण ‘व्हिडिओ/एमपी४; कोडेक्स="एव्हीसी१.४२ई०१ई, एमपी४ए.४०.२"’ यात अवतरणचिन्हांच्या आत स्वल्पविराम असतो. तोडल्यावर ‘क्यू=०.८’ (क्लायंटची पसंती किती, ते सांगणारा आकडा) हाही साधा पॅरामीटर म्हणून आत येतो, आणि असा टाइप कंसात दिला की काहीच जुळत नाही. आपल्या फायलीवर क्यू कुठून असणार! विदाउटपॅरामीटर्सने तो जातो, पण व्हर्जनही जातं. ग्वावाच्या आवृत्ती २४ पासून विथपॅरामीटर्सला ‘क्यू’ हे नाव आणि रिकामी यादी दिली की तेवढाच एक निघतो. आधी क्यूची किंमत वाचून ठेवा, मग काढा.

जे मनापासून आवडलं: टाइप, सबटाइप आणि पॅरामीटरांची नावं लहान अक्षरांत येतात, कॅरसेटची किंमतही, बाकी किमतींना हात लावत नाही. मल्टिपार्टच्या बाउंडरीत (भाग वेगळे करणाऱ्या खुणेत) लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मोजला जातो, तेव्हा ती जशीच्या तशी राहणं गरजेचं. सगळं हेडर लोअरकेस करणारे हातचे कोड नेमके इथे मार खातात. पॅरामीटरांचा क्रम बदलला तरी इक्वल्स ट्रू देतं. ओकेएचटीटीपी या दुसऱ्या लायब्ररीच्या मिडियाटाइपमध्ये इक्वल्स अख्खी स्ट्रिंगच ताडून बघतं, तिथे हे सुख नाही.

== मात्र वापरू नका. ओळखीच्या टाइपांसाठी पार्स तयार कॉन्स्टंटच परत देतं, त्यामुळे टेस्टमध्ये == पास होतं आणि प्रॉडक्शनमध्ये कंपनीचा खासगी ‘व्हीएनडी’ टाइप आला की पडतं. ‘+जेसन’ने संपणारे टाइप ओळखायला वेगळी मेथड नाही. सबटाइपवर एंड्सविथ लावावं लागतं. आणि फक्त या क्लाससाठी सुमारे ३ एमबीची जार ओढायची असेल तर नको. ग्वावा प्रोजेक्टमध्ये आधीपासून असेल तर दुसरी लायब्ररी शोधत बसू नका.

राहिला शेवटचा अर्धविराम. ‘टेक्स्ट/प्लेन;’ असं हेडर पार्स नाकारतं. २०१४ च्या आरएफसी ७२३१ च्या व्याकरणात ते बसत नव्हतं, पण २०२२ च्या आरएफसी ९११० ने अर्धविरामानंतरची रिकामी जागा मान्य केली आहे. म्हणून पार्सच्या आधी शेवटचे अर्धविराम आणि स्पेस छाटणारी एक ओळ घाला. किंमत अवतरणात असली तर शेवटचं अक्षर अवतरणचिन्ह असतं, त्यामुळे आतल्या अर्धविरामाला धक्का लागत नाही. हेडरच्या मधोमध सलग दोन अर्धविराम आले तर मात्र ही ओळ पुरत नाही. तिथे एक्सेप्शन पकडून मूळ हेडर लॉगमध्ये लिहा आणि फाइल ‘अ‍ॅप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ समजून पुढे न्या.