महिन्याच्या कॉन्टॅक्ट लेन्स : जिनिंगचा सीझन आणि एक उन्हाळा काढल्यावर

नंबर दोन्ही डोळ्यांना उणे पाच. गाव हिंगणघाटजवळ, काम जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर पावत्या करायचं. स्कूटीवर स्टोल बांधला की चष्म्यावर वाफ धरते, घामानं तो नाकावरून घसरतो. म्हणून दिवाळीच्या सुमारास महिनाभर चालणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल (हवा जाऊ देणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या) लेन्स घेतल्या. आता पाऊस लागलाय, म्हणजे कापूस आणि नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस) दोन्ही बघून झालं.

दिसण्याबद्दल तक्रार नाही. मान न वळवता कडेचंही स्वच्छ दिसतं, आणि काट्यावर ट्रॅक्टर मागे घेत असताना ते कामाचं आहे.

त्रास सुरू झाला तो कापसाच्या गाड्यांची रांग लागल्यावर. हवेत रुई आणि पाल्याचा भुगा उडत असतो. एखादा बारीक तंतू लेन्सखाली गेला की प्रत्येक उघडझापीला टोचतो, डोळा घळाघळा वाहतो. चष्मा असला तर पाणी मारून मोकळं होता येतं. इथे आधी साबणानं हात धुवा, कोरडे करा, लेन्स काढा, सोल्यूशननं (लेन्स धुवायच्या द्रावणानं) चोळून धुवा. समोर चार शेतकरी पावतीसाठी खोळंबलेले असताना करून बघा! शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून ग्राइंडरवाले लावतात तो बिननंबरी पारदर्शक गॉगल आणला. ध्यान दिसतं, पण रुई थांबली.

दुसरा त्रास संध्याकाळचा. संगणकाकडे एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात, अश्रूंचा थर सुकतो आणि लेन्स डोळ्याला चिकटल्यासारखी वाटते. उन्हाळ्यात तर दुपारीच. कुलरची हवा ओलसर असली तरी झोत थेट तोंडावर आला की डोळे चुरचुरतात, त्यामुळे टेबल फिरवून घेतलं. "काहून चोळून राहिली वं डोळे?" हे आईचं रोजचं झालं होतं.

लाली उतरेना तेव्हा वर्ध्याला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वरची पापणी उलटून पाहिली. आतल्या बाजूला बारीक पुरळ. लेन्सवर साचलेल्या प्रथिनांच्या थरामुळे आणि तिच्या घासण्यामुळे असं होतं म्हणाले. पुरळ बसेपर्यंत लेन्स बंद आणि थेंब. सोल्यूशनच्या बाटलीवर 'चोळायची गरज नाही' असं छापलं असलं तरी लेन्स तळहातावर घेऊन बोटानं चोळायचीच, हेही त्यांनीच सांगितलं. त्यानंतर फरक पडला, आणि तो महागड्या थेंबांपेक्षा या चोळण्यानं जास्त पडला असं माझं मत. थेंबही लेन्सवर चालणारे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावे. साध्या थेंबांतलं ते टिकवायचं औषध मऊ लेन्स शोषून घेते.

पाण्याबाबत मात्र हयगय नको. विहीर, बोअर, नळ, फिल्टर, कुठलंच पाणी लेन्सला किंवा डबीला लावायचं नाही. पाण्यात अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला धरला तर उपचार महिनोन्महिने चालतात, नजरही जाऊ शकते. तोंडावर पाणी मारायचं, आंघोळ करायची, तर लेन्स आधी काढलेली बरी. डबीतलं सोल्यूशन रोज नवं, जुन्यात भर घालायची नाही. डबी तीन महिन्यांत बदलायची. आणि 'महिना' पाकीट फोडल्यापासून मोजतात. मधे आठ दिवस घातली नाही म्हणून पुढे आठ दिवस मिळत नाहीत.

दुखणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं यातलं काही झालं तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, मेडिकलमधून परस्पर थेंब नको. आमच्याकडे डोळ्यांचा डॉक्टर तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला, त्यामुळे जुना चष्मा टाकून देऊ नका. मी सहा-सात तासांवर लेन्स ठेवत नाही, झोपताना तर कधीच नाही. तूर काढायच्या दिवसांत, मळणीयंत्राजवळ जायचं असलं की सरळ चष्मा.

येत्या सीझनला रोज फेकायच्या लेन्स घेऊन बघणार आहे. एका जोडीमागे महाग पडतात, पण चोळणं-भिजवणं नाही आणि थर साचायला वेळच मिळत नाही. मी रोज घालणारच नसल्यानं हिशेब बहुतेक जमेल.