सातपूरच्या ऑफिसातला चार बटणांचा आयपी फोन: वापरानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर आमच्या नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या ऑफिसात आयपी डेस्क फोन, म्हणजे कम्प्युटर नेटवर्कवरून चालणारे टेबलावरचे फोन, बसले. चार लाइन की (लाइन निवडायची बटणं), छोटा रंगीत स्क्रीन, पीओईवर चालणारे, म्हणजे वीजही नेटवर्कच्या केबलमधूनच. आवाज स्वच्छ, स्पीकरही ठीक. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण फोन कामाचा ठरला तो सेटिंग बदलल्यावर.

वेंडरचा माणूस चारही की 'लाइन' म्हणून टाकून गेला होता. चार कॉल एकदम घ्यायचेत कुणाला! आता दोन की लाइनला, दोन बीएलएफला, म्हणजे दुसऱ्याचा फोन मोकळा की बिझी ते दाखवणाऱ्या दिव्यांना: स्टोअर आणि डिस्पॅच. हिरवा दिवा म्हणजे माणूस मोकळा, लाल म्हणजे फोनवर, लुकलुकला की तिकडे रिंग वाजतेय. रिसेप्शनच्या ताई आता कॉल जोडण्याआधी दिवा बघतात, स्टोअरच्या दिशेने हाका मारत नाहीत. स्क्रीनवर कींचं दुसरं पानही असतं; त्यावरच्या कीचा दिवा मात्र पान उलटल्याशिवाय दिसत नाही, म्हणून साहेबांना तिकडे ठेवलंय.

खरी डोकेदुखी डायलिंगच्या नियमांची, म्हणजे किती आणि कुठले आकडे दाबले की फोनने कॉल सोडायचा याची. एक्स्टेन्शन २०१ पासून होते, आणि नाशिकचे बहुतेक लँडलाइन नंबर सात आकडी, २ ने सुरू होणारे. त्यामुळे २०१ दाबलं की फोन पुढच्या आकड्यांची वाट बघत बसायचा. एक्स्टेन्शन ४०१ पासून केले, आता तिसरा आकडा दाबताच रिंग जाते. १ ने सुरू करायचा विचारही नको, तिथे १००, १०१, १०८, ११२ आहेत.

त्यांच्यासाठी वेंडरने '१xx' (१ आणि पुढे कुठलेही दोन आकडे) असा एकच नियम टाकला होता. परिणाम असा की १८०० चा कुठलाही टोल-फ्री लावायला गेलं की फोन १८० वरच कॉल सोडून मोकळा! आता चारही नंबर वेगवेगळे लिहिलेत. टोल-फ्रीला नियमच ठेवला नाही. स्टेट बँकेचा १८०० १२३४ आठ आकडी, इतर बरेचसे दहा-अकरा आकडी. शेवटी # दाबायचं की कॉल जातो, संपलं.

लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावणं १५ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. ६ ते ९ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर आला की फोनच आधी ० जोडतो. अकाउंट्सच्या मॅडम यावर सगळ्यात खूश. एसटीडीचं गणितही सोपं निघालं: नाशिक ०२५३ अधिक सात, सिन्नर ०२५५१ अधिक सहा, मोबाइल ० अधिक दहा. सगळे अकराच. पण '० आणि पुढे कुठलेही दहा' असं लिहू नका. परदेशी नंबर ०० ने सुरू होतो, आणि जर्मनीच्या ग्राहकाचा नंबर अकराव्या आकड्यावरच कापला जातो. शून्यानंतरचा आकडा १ ते ९ मधलाच हवा, असं नियमात बांधून घ्या.

हे सगळं फोनच्या वेब पेजवरून होतं, फक्त अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो. बिल चुकतं करण्याआधी तो वेंडरकडून लिहून घ्या. आम्हाला त्यासाठी बरेच फोन करावे लागले, तेही मोबाइलवरून.