सुपर स्लिंकी ९-४२: हलक्या बेंडचा संच, फक्त दुसऱ्या तारेकडे लक्ष ठेवा

इलेक्ट्रिक गिटारवर बेंड (तार ढकलून सूर चढवणं) आणि व्हायब्रेटो (सुराला दिलेला झोका) सोपे व्हावेत म्हणून १० चा, म्हणजे पहिली तार १० गेजची असलेला, संच सोडून एर्नी बॉल कंपनीच्या सुपर स्लिंकी तारांकडे वळणारे बरेच असतात. संच हलका आहेच, पण सगळ्या तारा सारख्या हलक्या होत नाहीत.

गेज (तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) ९, ११, १६, २४, ३२, ४२. त्याच कंपनीच्या १० च्या संचात, रेग्युलर स्लिंकीत, पहिल्या तीन तारा १०, १३, १७. साडेपंचवीस इंच स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी), नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये पहिल्या तारेचा ताण सुमारे ७.३ किलोवरून ५.९ वर येतो, तिसरीचा ७.५ वरून ६.७ वर, आणि दुसरीचा ७ वरून थेट ५ वर. बोटाचा जोरही त्याच प्रमाणात कमी लागतो. तार ढकलायचं अंतर मात्र जवळपास तेवढंच राहतं. बारीक तार जास्त लांब ढकलावी लागते, हा समज साध्या (वर वेटोळं नसलेल्या) तारांच्या बाबतीत चुकीचा आहे.

फरक तपासायचा तर तिसऱ्या तारेचा ७वा फ्रेट पूर्ण स्वराने चढवून दुसरीच्या ५व्या फ्रेटशी जुळवा. मग दुसरीचा ८वा फ्रेट चढवून पहिलीच्या ५व्याशी. सवयीच्या जोराने दुसरी तार हमखास चढी लागते. व्हायब्रेटोचंही तेच: मनगटाचा तोच झोका दुसऱ्या तारेवर फार रुंद होतो. झोका आखडता घ्या, आणि प्रत्येक वेळी मूळ सुरावर पूर्ण परत या. फ्रेटच्या पट्ट्या उंच असतील तर बोट हलकं ठेवा. सैल तार जोरात दाबली की व्हायब्रेटो सुरू होण्याआधीच सूर चढतो.

१० वरून येताना नुसत्या तारा बदलून भागत नाही. ताण घटला की नेक सरळ होते आणि खालचे (पहिले काही) फ्रेट खरखरतात. ट्रस रॉड (नेकमधली सळई) थोडा सैल करा, पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नको. तरंगता ट्रेमोलो (स्प्रिंगवर तोललेला ब्रिज) मागे झुकतो, त्यामुळे स्प्रिंगच्या क्लॉचे (स्प्रिंग धरणाऱ्या पट्टीचे) स्क्रू सैल करावे लागतात. इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर लागेल अशी जुळणी) सगळ्यात शेवटी. बेंड सोडल्यावर तार उतरलेली राहिली तर दोष बहुधा संचाचा नसतो: तार नटमध्ये (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) अडकते. ट्यून करताना ‘टिंग’ आवाज आला की खात्रीच. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून बघा.

आवाज उजळ आणि स्वच्छ. जोरकस रिदम वाजवणाऱ्यांनी मात्र दूर राहावं. ४२ ची सहावी तार जोरात छेडली की क्षणभर चढी बोलते.

लीडसाठी संच घ्या, पण सोबत १२ ची एक सुटी साधी तार घेऊन ११ च्या जागी लावा. दुसरीचा ताण ५.९ किलोवर, म्हणजे पहिलीच्या बरोबरीला येतो. नट आधी १० च्या संचासाठी कापलेला असेल तर खाचेला हात लावायचीही गरज नाही.