दहा महिने वापरल्यानंतर: सुतारकाकांकडून करून घेतलेलं काचेचं फडताळ

गेल्या फेब्रुवारीत आमच्या पुण्याच्या घरात हे फडताळ आलं. सागवानी चौकट, आत वॉटरप्रूफ प्लायवर सागाचं विनियर, 4 फूट लांब, साडेचार फूट उंच, 14 इंच खोल. काच, दिवे, मजुरी धरून 46,000 रुपये. उन्हाळा, पावसाळा आणि अर्धी थंडी बघून झाली, म्हणून आता लिहिते.

आत काय आहे ते आधी सांगते, कारण सगळं त्यावरूनच ठरलं. आजीचा पितळी अडकित्ता, चांदीची गुलाबदाणी, सासरची सहा किलोची समई, आणि बाबांनी सावंतवाडीच्या राजवाड्यातून आणलेला दशावतारी गंजिफा. हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, एकूण 120. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला सत्तरच्या दशकात पुन्हा उभी केली म्हणून तो संच आमच्या हाती आला. त्याची काळजी घेणं मला माझं काम वाटतं.

याआधी एका दुकानातून तयार शोकेस घेतली होती. पाठीला आरसा, वर चार हॅलोजन, कडेला सोनेरी पट्टी. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘शोकेस छान आहे हो.’ अडकित्त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शिवाय दिव्यांच्या धगीने दोन पत्ते कडेला किंचित वळले. त्या दिवशी सगळं बाहेर काढलं.

मला हवा होता वाड्यातला कोनाडा. भिंतीच्या जाडीत बसलेला, चुन्याचा पांढरा, त्यात एकच दिवा. कोनाड्याकडे कुणी बघत नाही, दिव्याकडे बघतात. सुतारकाकांना एवढंच सांगितलं. ते म्हणाले, ‘ताई, बॉर्डर तरी घेऊ, नाहीतर अगदीच उघडं दिसेल.’ मी नको म्हटलं. मग त्यांनी स्वतःच्या डोक्याने जे केलं ते या फडताळातलं सगळ्यात सुंदर काम आहे. फळी 18 मिमीची, पण समोरच्या कडेला खालून तिरका रंधा मारून ती जेमतेम 6 मिमी दिसेल अशी केली. ताकद तीच, पण नजर कडेवर अडत नाही. मूठ नाही, दाराच्या खालच्या पट्टीला बोटं जातील एवढी खाच. समईच्या वजनाने फळीला पोट येऊ नये म्हणून चार फुटांचे तीन खण केले. दहा महिन्यांत फळी सुतभरही वाकलेली नाही.

पाठीला धुतलेली, बिनरंगाची खादी ताणून लावली आहे. खळ पूर्ण काढून लावायची, नाहीतर कसर लागते. पितळ त्या मळकट पांढऱ्यावर असं उठून दिसतं की अडकित्त्याच्या पात्यावरची झीजसुद्धा कळते, आजीचा अंगठा जिथे टेकायचा तिथली.

उजेडात मात्र मी चुकले. एलईडी पट्टी चौकटीच्या वरच्या कडेमागे लपवली, अडॅप्टर बाहेर ठेवला, त्यामुळे आत धग नाही. रंगही खरे दिसतात. पण मैत्रिणीचं लक्स मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, आणून मोजलं तर पत्त्यांवर 180 लक्स! कागदावरच्या रंगांसाठी संग्रहालयं साधारण 50 ची मर्यादा धरतात. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही आणि नुकसान साठत जातं; 400 लक्सचा एक तास आणि 50 लक्सचे आठ तास सारखेच. लगेच डिमर बसवला. संध्याकाळी डोळे सरावले की 50 पुरतात.

दुसरी चूक ड्रॉवरची. गुलाबदाणी एरवी तिथे ठेवते, म्हणून हौसेने हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, लावून घेतली. दोन महिन्यांत चांदी काळवंडली, बुडाला सर्वांत जास्त. लोकरीत गंधक असतं आणि चांदीला तेच बाधतं. बनात उपटून टाकली, धुतलेलं सुती कापड घातलं, तेव्हापासून डाग नाही. नवीन प्लाय आणि पॉलिशचा वास जाईपर्यंत महिनाभर दारं उघडी ठेवून फडताळ रिकामं ठेवलं होतं, तेही करावंच. त्या वाफा धातूला आणि रंगाला चांगल्या नाहीत.

जुलैत उजवं दार घासायला लागलं. मी घाबरून फोन केला. काका म्हणाले, ‘आत्ता रंधा मारला तर दिवाळीनंतर फट पडेल. लाकूड पाणी प्यायलंय, थांबा.’ थांबले. नोव्हेंबरात दार आपोआप सुटलं. ज्यांच्या घरी नवीन सागवानी काम झालंय त्यांनी एवढं एक लक्षात ठेवावं.

पावसाळ्यात आतली आर्द्रता 74 टक्क्यांवर गेली होती. तेवढ्यावर बुरशी धरते. दाराच्या फटींना रबरी पट्टी आणि खालच्या खणामागे अर्धा किलो सिलिका जेल ठेवल्यावर ती 60-62 वर आली. जेल दर तीन आठवड्यांनी ओव्हनमध्ये वाळवावं लागतं. हा व्याप आहेच. काचेवर बोटांचे ठसे फार उठतात, तेही आहे.

दिवाळीत आत्या आली. चपला काढून थेट फडताळापाशी गेली. ‘अगं, हा आईचा,’ म्हणाली, आणि तिचा उजवा हात हवेतच सुपारी कातरल्यासारखा मिटला. फडताळ कुणी केलं, केवढ्याला पडलं, हे तिने दोन दिवसांत विचारलं नाही.

गंजिफाचे पत्ते एका वेळी एकाच अवताराचे बारा मांडते, तीस अंशांच्या तिरक्या पाटीवर. बाकीचे अंधारात, डबीत. दर दोन महिन्यांनी पाळी बदलते. मार्चमध्ये मत्स्याने सुरुवात केली. येत्या रविवारी वामन डबीत जाईल, परशुराम बाहेर येईल.